रोहिणीचा वारा

मार्चमध्ये सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, उभं राहिलं की थोडा वेळ काहीच होत नाही. पान हलत नाही. रात्रभर डोंगराकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पडलेला असतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा अजून सुटलेला नसतो. कातळ मात्र तापायला लागलेला असतो. पायताण काढलं तर पाय ठेववत नाही. मग खाडीच्या बाजूने एक घार येते. काळ्या कातळाच्या बरोबर वर आली की एक पंख जरासा कलता करते आणि गोल फिरायला लागते. तिला बघून दुसरी येते. पंख न मारता दोघी चढत जातात, इतक्या की शेवटी मान दुखायला लागते आणि डोळ्यांत पाणी येतं.

त्या वेळी माझ्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळते आणि डावं पाऊल पुढे रेटलं जातं. ग्लायडर डावीकडे वळवायचा तर हातातली स्टिक डावीकडे आणि पायाने डावा रडर, दोन्ही एकदम. चाळीस वर्षं झाली, पण हातापायांना ते पाठ आहे.

१९८६ साली मी पुण्यात कॉलेजात होते आणि हडपसरला ग्लायडिंग शिकत होते. गुहागरजवळच्या हेदवीच्या वरच्या वाडीतली, बारावीपर्यंत एसटीशिवाय कशात न बसलेली मुलगी थेट बिनइंजिनाच्या विमानात कशी बसली, ती हकीकत मोठी आहे, आज ती नको. पण त्या विमानाचं नाव सांगायलाच हवं. त्याचं नाव होतं रोहिणी.

आमच्याकडे रोहिणी म्हणजे पेरणी. मे महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि भाजावळ केलेल्या दाढीत, म्हणजे पालापाचोळा जाळून तयार केलेल्या रोपांच्या वाफ्यात, पाऊस यायच्या आधी, कोरड्या मातीत भात पेरलं जातं. मग मृग, मग आर्द्रा. सगळा कोकण या नावांवर चालतो. आणि आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याने ज्या ग्लायडरांचे आराखडे आपल्याच देशात केले, त्यांना नेमकी हीच नावं दिली: अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. रोहिणी पहिल्यांदा उडाली १९६१ मध्ये. लाकडी सांगाडा, प्लायवूड आणि कापड. शिकणारा आणि शिकवणारा असे दोघं शेजारी शेजारी बसायचे, बैलगाडीच्या धुरेवर बसल्यासारखे. नावं ठेवणारा जो कोणी असेल, त्याच्या मनात शेत होतं की आभाळ, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या घरात तर घोटाळाच झाला. पहिल्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं, ‘आज मला रोहिणी मिळाली.’ अण्णांनी ते मोठ्याने वाचलं तेव्हा आजी म्हणाली, “असं कसं? रोहिणीला अजून तीन महिने आहेत.”

ग्लायडिंगचा दिवस म्हटलं की लोकांना वाटतं, दिवसभर आभाळात. तसं नसतं. दिवसभर पळायचं असतं. पहाटे गाडीतळावर बसमधून उतरायचं, मैदानापर्यंत चालत जायचं, हँगरची दारं ढकलायची आणि विमान हातांनी बाहेर काढायचं. ते एकदा बाहेर आलं की तपासणी. ही तपासणी मला सगळ्यात जास्त आवडायची. पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत तळहात फिरवत जायचं. कुठे फुगवटा, कुठे चीर, कुठे कापड सुटलंय का, हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. सकाळच्या दवाने पंख गार आणि ओलसर असायचा. आमच्या वाडीतले खारवी दादा होडी समुद्रात घालायच्या आधी तिच्या फळ्यांवरून असाच हात फिरवायचे. त्यामुळे मला ते कुणी नव्याने शिकवलं असं कधी वाटलंच नाही.

मग मैदानाच्या एका टोकाला विमान आणि दुसऱ्या टोकाला, साधारण एक किलोमीटरवर, विंच. विंच म्हणजे मोठ्या इंजिनावर चालणारं रहाट. त्याच्यावर पोलादी केबल गुंडाळलेली. जीप ती केबल ओढत आपल्यापर्यंत आणते, एक जण विमानाच्या पोटाखालच्या आकड्यात ती अडकवतो, दुसरा पंखाचं टोक धरून विमान समतोल करतो, तिसरा झेंडा दाखवतो, चौथा लॉगबुकात वेळ लिहितो. एक जण उडतो तेव्हा खाली सहा-सात जण राबत असतात आणि त्यांतला प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट बघत असतो. मी अख्खे रविवार पंखाचं टोक धरून काढले आहेत. केबल ताणली गेली की विमान हलतं, त्याच्याबरोबर आठ-दहा पावलं जिवाच्या आकांताने पळायचं आणि मग हातातून पंख आपोआप वर निघून जातो. तळहातावरचं वजन एकाएकी नाहीसं होतं. उडणं म्हणजे काय, हे मला आधी तिथे कळलं. विमानात बसायच्या कितीतरी आधी.

आणि आत बसल्यावर? झेंडा हलतो, केबल ताठ होते, पाठीत कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं होतं. चाक खडखडतं, खडखड थांबते. जमीन दिसेनाशी होते, कारण नाक इतकं वर असतं की समोर फक्त आभाळ उरतं. पतंगाला ढील न देता ओढत नेलं की तो जसा चढतो, तसं विमान चढतं. अर्ध्या मिनिटात तीनशे मीटर. मग ओढ सैल पडते, नाक खाली घ्यायचं, पिवळी मूठ दोनदा खेचायची. ठक् असा आवाज होतो आणि केबल सुटते.

त्यानंतरची शांतता मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. ती पूर्ण शांतता नसतेच. पंखांवरून आणि काचेवरून हवा जाते तिची एक बारीक शीळ चालू असते. वेग वाढला की तिची पट्टी चढते, वेग पडला की उतरते. महिन्याभरात वेगाच्या काट्याकडे बघायची गरज उरत नाही, कान सांगतो. काचेच्या बाहेर मधोमध लोकरीचा एक वीतभर लाल दोरा चिकटवलेला असायचा. स्वेटरच्या लोकरीचा साधा दोरा. तो सरळ मागे उडत असेल तर विमान सरळ चाललंय. एका बाजूला कलला तर तुमचा पाय चुकतोय. लाखांच्या विमानात सगळ्यात खरं बोलणारं उपकरण ते, आणि ते कुणाच्याही आईच्या विणकामाच्या पिशवीत सापडेल.

एक गोष्ट समजून घ्यायला मला वेळ लागला. ग्लायडर सतत खालीच येत असतो. त्याला दुसरं काही येत नाही. उतारावर सोडलेली सायकल जशी उताराच्या जोरावर पळते, तसा तो आपली उंची खर्च करून वेग मिळवतो. तो वर जातो तेव्हासुद्धा आपल्या आजूबाजूच्या हवेत तो खालीच घसरत असतो. फक्त ती हवा त्याच्या घसरण्यापेक्षा जास्त वेगाने वर चाललेली असते. म्हणजे सगळा खेळ वर जाणारी हवा शोधण्याचा. ती दिसत नाही. नांगरलेल्या रानावर, दगडाच्या खाणीवर, पत्र्यांच्या छपरांवर ऊन पडतं, तिथली हवा आजूबाजूपेक्षा जास्त तापते, हलकी होते आणि उठते. उठताना दर शंभर मीटरला साधारण एक अंश थंड होत जाते. याला थर्मल म्हणतात आणि मराठीत वैमानिकसुद्धा थर्मलच म्हणतात.

माझं पहिलं थर्मल फेब्रुवारीतल्या एका दुपारचं. तोवरची माझी सगळी उड्डाणं सहा-सात मिनिटांची होती: वर जायचं, एक चौकोन मारायचा, उतरायचं. त्या दिवशी सर शेजारी बसले होते. केबल सोडल्यावर विमानाला उजव्या पंखाखालून एक हलका धक्का बसला, झोपलेल्या माणसाला कुणी कोपराने ढोसावं तसा. मी चढउताराच्या सुईकडे बघायला लागले. सर म्हणाले, “सुई नंतर सांगेल. बुडाखाली काय होतंय ते सांग.” मी म्हटलं, “कुणीतरी उचलतंय.” “कुठल्या बाजूने?” “उजव्या.” “मग तिकडे वळ की.”

वळले. आणि समोर, आमच्याच उंचीवर, गिधाडं होती. सात की आठ. पाठीवर पांढरा पट्टा, मान आत ओढलेली, पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली. ती उजवीकडून फिरत होती म्हणून आम्हीही उजवीकडून फिरायला लागलो. एका थर्मलमध्ये सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं हा नियम माणसांचा आहे, पण गिधाडांनीही तो पाळलेला दिसत होता. एक गिधाड इतक्या जवळ होतं की त्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलेलं मला दिसलं. घाबरलं नाही, बाजूला झालं नाही. डोळा तेवढा फिरवला आणि पुन्हा आपल्या कामाला लागलं. सर हळूच म्हणाले, “त्यांच्या मधोमध राहा. आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.” त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं वर होतो. दक्षिणेला दिवे घाटाचे डोंगर खालून नाही, वरून दिसत होते.

त्या फेब्रुवारीतच एकदा केबल तुटली. खरं तर केबल तुटत नाही. विमान आणि केबल यांच्यामध्ये मुद्दाम एक कमजोर दुवा घातलेला असतो, ताण जास्त झाला तर पंखाऐवजी तो तुटावा म्हणून. शंभर मीटरसुद्धा झाले नसतील. धाडकन आवाज झाला आणि मागची ढकल गेली. नाक आभाळाकडे, वेग पडत चाललेला, शीळ थांबत आलेली. अशा वेळी मन सांगतं, मागे ओढ, वरच राहा. करायचं असतं उलट: स्टिक पुढे, नाक खाली, जमिनीकडे. मी स्टिक पुढे दाबली. पोटात खड्डा पडला, समोर सगळं मैदान उभं राहिलं, मग शीळ परत आली, आणि मी नाकासमोर सरळ उतरले. थांबल्यावर शेजारी बघितलं तर सरांचे दोन्ही हात त्यांच्या गुडघ्यांवर, तळवे खाली, अगदी स्वस्थ. त्यांनी कुठलीच मूठ धरलेली नव्हती. “झालं,” म्हणाले, “चल, ढकलू या मागे.” मला शाबासकी मिळाली असती तर ती मी कदाचित विसरले असते. ते गुडघ्यांवरचे हात विसरले नाही.

सुट्टीत घरी आले की मी सड्यावर जाऊन तासन् तास बसायचे. मला एकच प्रश्न होता: एवढी उघडी जागा, एवढं ऊन, एवढा वारा, मग आपल्याकडे ग्लायडिंग का नाही? उत्तर पुढे पुस्तकं वाचून आणि घारी बघून मिळालं. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) यांच्यात जितक्या अंशांचं अंतर, त्याला एकशे पंचवीसने गुणलं की ढगाचा तळ, म्हणजे थर्मल जिथवर नेतं ती उंची, किती मीटरवर असेल याचा ढोबळ अंदाज येतो. घाटावरचा मार्चमधला एखादा कोरडा दिवस घ्या: ३६ अंश तापमान, दवबिंदू ८. अंतर २८, म्हणजे साडेतीन हजार मीटर. आमच्या किनाऱ्यावर त्याच दिवशी ३२ अंश आणि दवबिंदू २२ धरा. अंतर १०, साडेबाराशे मीटर. आमच्या घामट हवेला आभाळ ठेंगणं मिळतं. शिवाय अकराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा आत येतो आणि तो गार असतो. तापलेल्या कातळावर तो ओल्या फडक्यासारखा पसरतो आणि थर्मल विझतात. घारी त्या वाऱ्याच्या पुढे पुढे आत सरकतात. दुपारी तीनला बघावं तर किनाऱ्यावरचं आभाळ कोरं आणि पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर कापसाचे ढग एका ओळीत उभे. पुन्हा आमच्याकडे सपाट जागा असते कुठे? केबल तुटली तर नाकासमोर उतरायला एक किलोमीटरचं मैदान लागतं. आमच्या नाकासमोर काजूची बाग, मग कडा, मग समुद्र.

पण कडा आहे. आणि कड्याची हवा वेगळी.

हेदवीची बामणघळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. भरतीच्या वेळी लाट त्या अरुंद कपारीत शिरते, पुढे जायला वाट नसते, आणि पाणी सरळ वर उसळतं. वाऱ्याचंही तसंच. समुद्रावरून सपाट आलेला वारा कड्यावर आदळतो, त्याला पुढे वाट नसते म्हणून तो वर चढतो, आणि कड्याच्या माथ्याला लागून वर जाणाऱ्या हवेचा एक लांबच लांब पट्टा तयार होतो. वारा आहे तोवर तो पट्टा आहे. माणूस इंजिनाशिवाय तासन् तास वर राहायला शिकला तो याच हवेवर. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांची बंधनं आली, तेव्हा तिथली तरुण मुलं १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमायला लागली आणि डोंगराच्या उतारावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर उडायला शिकली. थर्मलची गुरुकिल्ली त्यांना दशक संपता संपता सापडली. त्यांच्या कितीतरी आधी, त्याच देशात, ओटो लिलिएंथाल करकोचे बघून पंख बांधत होता. दोन हजारांच्या आसपास उड्या मारल्या त्याने टेकडीवरून. १८९६ च्या ऑगस्टमध्ये हवेच्या एका झोताने त्याचं नाक वर उचललं, वेग गेला, आणि तो पडला. दुसऱ्या दिवशी गेला. मी त्याच्याबद्दल वाचते तेव्हा दर वेळी माझा हात पुढे जातो. स्टिक पुढे, नाक खाली. त्याच्याकडे स्टिकच नव्हती, लोंबकळणाऱ्या शरीराचं वजन तेवढं होतं.

आमच्या वाडीतले दादा शिडाची होडी चालवायचे. मी लहान असताना ते मला खाडीत घेऊन जायचे. मी शिडाकडे बघत बसले की म्हणायचे, “शीड काय बघतेस? शिडाला मागनं कळतं. वारा कानाच्या पाळीनं बघायचा.” आणि मान थोडी थोडी फिरवायला लावायचे, दोन्ही कानांना सारखा वारा लागेपर्यंत. लागला की नाक ज्या दिशेला तिकडून वारा. हडपसरला सरांनी सुई नंतर सांगेल म्हटलं, तेव्हा मला खाडीतली ती दुपार आठवली आणि रडू आलं. घरापासून लांब आल्याचं रडू नव्हतं ते. आपल्या वाडीत जे होतं तेच इतक्या लांब, इतक्या वर, वेगळ्या भाषेत भेटलं, याचं होतं. दादांच्या होडीला नंतर इंजिन बसलं. बसायलाच हवं होतं, पोटाचा प्रश्न आहे; माझी त्याला काही हरकत नाही. पण इंजिनाच्या आवाजात कानाची पाळी बहिरी होते, आणि त्यांच्या नातवाला आता वारा कुठून आहे ते मोबाइलमध्ये बघावं लागतं, हे मला लागतं.

गिधाडांचं तर त्याहून वाईट झालं. ज्यांच्याबरोबर मी त्या दुपारी फिरले ती पांढऱ्या पाठीची गिधाडं पुढच्या वीस वर्षांत देशातून जवळजवळ पुसली गेली. गुरांना तेव्हा द्यायचे ते डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडं निकामी करत होतं. कारण २००४ मध्ये उघड झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर आभाळ रिकामं झालेलं होतं. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला काही गिधाडं टिकून आहेत आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती जपली, हे कळल्यावर मी तिथे गेले. उंच झाडाच्या शेंड्यावर घरटं होतं. सकाळी ऊन चढेपर्यंत गिधाड फांदीवर बसून होतं, पंख अर्धे उघडून. दहा वाजले असतील. त्याने डोंगराच्या उघड्या अंगाकडे एकदा पाहिलं आणि स्वतःला खाली सोडून दिलं. दोन-तीन जड फटके, मग पंख स्थिर, मग पहिला घेर. मी माझ्या मनात म्हटलं, उजवीकडून. ते उजवीकडूनच वळलं. मला माहीत आहे की तो योगायोग होता.

एकटीने उडायचा दिवस एप्रिलात आला. सकाळी दोन उड्डाणं सरांबरोबर झाली आणि तिसऱ्या वेळी ते उतरले. काही बोलले नाहीत. वाकून आपल्या खुर्चीचे पट्टे त्यांनी एकमेकांत अडकवले आणि रिकाम्या खुर्चीवर आवळून बांधले. सुटे राहिले तर हवेत स्टिकमध्ये अडकायची भीती असते. नीट घट्ट बसलेत का ते एकदा ओढून पाहिलं आणि बाजूला झाले. त्यांचं वजन नव्हतं म्हणून विमान त्या दिवशी केबलवर भर्रकन चढलं, उंचीही नेहमीपेक्षा जास्त मिळाली. वर गेल्यावर मी शेजारी बघितलं. गुडघे नव्हते, हात नव्हते. कुणी नसलेल्या माणसाला बांधून ठेवल्यासारखे ते पट्टे होते आणि समोर लाल दोरा सरळ मागे उडत होता. सहा मिनिटं. उतरले तेव्हा पंखाचं टोक धरायला सगळ्यांच्या आधी सर धावत आले होते.

पुढे ग्लायडिंग सुटलं. नोकरी, लग्न, बदल्या. लॉगबुक कपाटात आहे. आता गावाला परत आले आहे आणि संध्याकाळी कड्यावर जाते. समुद्री गरुडाची एक जोडी आहे इथे, पांढऱ्या पोटाची. उघडे पंख मोजले तर जवळपास दोन मीटर भरतील. खारा वारा कड्यावर चढत असतो तोवर त्यातला एक माथ्याच्या रेषेत जातो आणि येतो, जातो आणि येतो. काल मी घड्याळ लावून बसले होते. तेवीस मिनिटांत त्याने एकदाही पंख मारला नाही. टोकाशी पोचला की समुद्राच्या बाजूला वळायचा, कड्याच्या बाजूला कधीच नाही. आम्हालाही हेच शिकवलं होतं.

सूर्य पाण्याला टेकला तसा वारा पडायला लागला. माझ्या उजव्या कानाला लागेना, मग डाव्यालाही. गरुड हाताएवढा खाली आला, मग पुरुषभर. माझी मूठ वळलेली होती. त्याने दोनदा पंख मारले आणि खालच्या सुरूच्या बनाकडे निघून गेला.